डबल बेल

आमच्या घरमालकांचा आवाज माझ्या ओळखीचा होता, माणूस नंतर भेटला.

कॉलेजला असताना मी बिद्रीहून रोज कोल्हापूरला ये-जा करायची. संध्याकाळी स्टँडवर इतकी गर्दी असायची की गाडीची पाटी दिसायची नाही. आपण आपली पिशवी छातीशी धरून उभं राहायचं आणि कान वर लावायचे. मग भोंग्यातून तो आवाज यायचा. जाडसर, स्वच्छ, अजिबात घाई नसलेला. बिद्रीमार्गे गारगोटीला जाणारी गाडी कुठल्या फलाटाला लागलीय ते एकदा सांगायचा, श्वास घ्यायचा आणि त्याच चालीत पुन्हा सांगायचा. त्या आवाजाला तोंड असेल, तोंडावर मिशी असेल, असलं काही कधी मनात आलं नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही मंगळवार पेठेत खोल्या बघायला गेलो. लेंग्यावर बंडी घातलेले एक उंच, काळेसावळे गृहस्थ दारात आले आणि म्हणाले, "खोल्या वर हायत. जिना डावीकडनं." श्वास घेतला आणि परत म्हणाले, "खोल्या वर हायत. जिना डावीकडनं." मी होते तिथंच थांबले. खोल्या बघायच्या आधीच माझं ठरून गेलं होतं.

गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि ते नुकतेच रिटायर झाले होते. गल्ली त्यांना कंट्रोलर म्हणायची. मी काका म्हणायला लागले. नोकरी सुटली तरी पुकारणं सुटलं नव्हतं. पहाटे नळाला पाणी आलं की ते गल्लीत उभे राहून "पाणी आलंय" असं दोनदा सांगायचे आणि आत निघून जायचे. ओरडायचे नाहीत, पण टोकाच्या घरातली माणसंसुद्धा घागरी घेऊन उठायची. बाहेर पडताना ते मार्ग सांगून जायचे. "दळण आणायला चाललोय. पोस्टामार्गे." कुणी विचारलेलं नसायचं. आवाज बसू नये म्हणून आयुष्यभर गरम पाणी प्यायलेले आणि खिशात ज्येष्ठमधाची काडी. फोनवर बोलायला मात्र त्यांना आवडत नसे. समोरचा दिसत नाही, त्याचं बोलणं संपलं की नाही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्यांचं तोंड उभ्या जिल्ह्यात कुणी बघितलं नव्हतं त्यांनी हे म्हणावं याची मला गंमत वाटायची.

एका वर्षी गणपतीत मंडळाच्या पोरांनी त्यांना शाल दिली आणि माइक हातात देऊन दोन शब्द बोलायला सांगितलं. काकांनी घसा साफ केला. म्हणाले, "प्रसाद घ्या." श्वास घेतला. "प्रसाद घ्या." आणि खाली बसले.

त्यांची खरी खोड वेगळीच होती. ते कुणाचंही बोलणं तोडायचे नाहीत. आपलं सांगून झालं तरी लगेच उत्तर द्यायचे नाहीत, आपल्याकडं शांतपणे बघत राहायचे. ती शांतता सहन न होऊन आपण अजून काहीतरी बोलायचो, आणि बहुतेक वेळा जे बोलायचं नव्हतं तेच. माझे मिस्टर एकदा त्यांना गच्चीच्या गळतीबद्दल तावातावानं सांगायला गेले आणि गळतीच्या मुळाशी स्वतःच्याच निष्काळजीपणानं तुंबलेलं भोक आहे हे कबूल करून परत आले. "त्या माणसाला काही सांगायला जायचं अवघड आहे," ते म्हणाले, "तो ऐकत बसतो."

असल्या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा माझी मुलगी मयुरी बालवाडीत होती. आणि ती बोलायची.

किती बोलायची हे सांगून पटणार नाही. शाळेतून येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचं सुरू व्हायचं आणि दार उघडेपर्यंत गोष्ट निम्मी झालेली असायची. आपण दुसरीकडं बघितलं तर दोन्ही हातांनी आपली हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवून घ्यायची. प्रश्न विचारायची आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायची. पहिलीत गेली तेव्हा बाईंनी तिला वेगळ्या बाकावर बसवलं, तर ती खिडकीतून शिपायाशी बोलायला लागली. मिस्टर शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. दिवसभर ठोकाठोकीत काढून घरी आले की त्यांना कानाला शांतता लागायची. सासूबाईंना तर पोरीचं बोलणं म्हणजे माझ्या माहेरचा दोष वाटायचा. "आमच्यात एवढं कोण बोलत न्हाय की," असं त्या सहज म्हटल्यासारखं म्हणायच्या.

घरात माझी नणंद होती, लग्नाची. बालवाडीत शिकवायच्या वन्सं. स्वभावानं शांत, हसल्या तरी ओठ मिटून. एक-दोन ठिकाणांहून नकार आला होता आणि सासूबाईंचा धीर सुटत चालला होता. तेवढ्यात गडमुडशिंगीचं एक चांगलं स्थळ आलं. माणसं बघायला आली, चहापोहे झाले, बोलणी सरळ चालली होती. मी आत कढईत शिऱ्याचं बघत होते आणि बाहेर मयुरी पावण्यांच्या मध्ये जाऊन बसली होती हे मला कळलंच नाही.

मला कळलं तेव्हा ती मुलाच्या आईला सांगत होती की आत्याला आधी ज्यांनी नको म्हटलं ते पोहे जास्त खाऊन गेले होते. मग तिनं सांगितलं की तुमचं जमलं तर आजी नारळ फोडणार आहे, कारण आता कुणीही चालेल असं आजी म्हणते.

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. शिरा कढईतच राहिला.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच शब्द राहिला, तो म्हणजे गप्प. मयुरीनं तोंड उघडलं की सासूबाई गप्प म्हणायच्या, मिस्टर गप्प म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मीही म्हणायची, कारण पुढचं मलाच ऐकावं लागायचं. वन्सं तेवढ्या कधी म्हणाल्या नाहीत. पोर काही आठवड्यांत गप्प झाली. शाळेतून येऊन दप्तर ठेवायची आणि कोपऱ्यात बसायची. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं असतं, पण एका दुपारी मी झोपायच्या खोलीत गेले तर ती भिंतीकडं तोंड करून उशीला शाळेतलं सांगत होती. अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

मी तिला हाताला धरून खाली आणलं आणि काकांच्या पायरीवर बसवलं. दुसरं काही सुचलं नाही. काका वाटाणे सोलत होते. मी म्हटलं, हिचं जरा ऐकून घ्या, मला वर काम आहे. काम नव्हतं. मी जिन्यात उभी राहिले.

मयुरी आधी काही बोलेना. काकाही बोलेनात. वाटाण्याच्या शेंगा फुटल्याचा तेवढा आवाज येत होता. मग तिनं सुरुवात केली, आणि पाट सुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. शाळा, बाई, बाईंची पर्स, पर्समधली गोळी, कुत्रं, कुत्र्याचं नाव, आजी, परत कुत्रं. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले. ती दमून थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या गोळीचं काय झालं?"

मयुरीला आठवेना.

"गाडी कुठनं सुटली तेच इसरलीस की," काका म्हणाले. रागावून नाही. तिच्या ओंजळीत वाटाणे दिले आणि उद्या ये म्हणाले. दोनदा म्हणाले.

तिचं रोज खाली जाणं सुरू झालं. काकांना ती आजोबा म्हणायची. काय शिकवत होते ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं, कारण काकांनी शिकवतोय असं कधी म्हटलं नाही. गप्प बस हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. एकदा मी त्यांच्यासमोर तिला तसं म्हटलं तर ते म्हणाले, "गप्प कशाला? गाडी थांबवायला सांगा, डेपोत घालू नका."

थांबायचं कसं हे त्यांनी तिला गाडीवरूनच सांगितलं. एसटी थांबली म्हणजे माणसं उतरून झाली असं नसतं. दारात एखादी म्हातारी अजून पिशवी ओढत असती. कंडक्टर दोरी ओढून डबल बेल देत नाही तोवर ड्रायव्हर हलत नाही. बोलणाऱ्याचंही तसंच. तो थांबला तर बघायचं, दारात अजून कोण आहे का. मयुरीला हे फारच पटलं. घरात कुणी बोलायचं थांबलं की ती त्याच्या तोंडाकडं निरखून बघायची आणि मग स्वतःशीच मान हलवून बोलायला लागायची. सासूबाईंना वाटलं पोरीला काहीतरी झालंय.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, उत्तर शेवटपर्यंत ऐकायचं आणि पुढचा प्रश्न त्याच्याच पिशवीतून काढायचा, आपल्या नाही. म्हणजे तो जे बोलला त्यातलंच काहीतरी धरून विचारायचं. आणि पहिला प्रश्न गावाचा. यावर काकांचा फार विश्वास होता. स्टँडवर हजार माणसं उभी असतात, भोंगा कुणी ऐकत नसतो, पण स्वतःच्या गावाचं नाव आलं की झोपलेला माणूससुद्धा उठून बसतो, असं ते म्हणायचे. दारात भांडीवाली आली, कल्हईवाला आला, मीटर बघायला कुणी आलं, तर काका पायरीवरून "पावणं, गाव कुठलं?" असं विचारून सुरुवात करून द्यायचे आणि मग मयुरीकडं बघायचे. मध्येच ती स्वतःचं सांगायला लागली तर काका आपलं एक बोट नुसतं वर करायचे. एक बेल म्हणजे थांब.

आमचा दूधवाला गडमुडशिंगीचा होता. रोज उशीर करायचा आणि रोज माझ्या सासूबाईंचं ऐकून घ्यायचा. तो का उशिरा येतो हे इतक्या वर्षांत आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. मयुरीनं एका सकाळी येऊन सांगितलं. दूधवाले मामा वेळेवरच येतात, पण कोपऱ्यावरच्या घरातलं कुत्रं त्यांना एकदा चावलंय. ते कुत्रं आत बांधेपर्यंत ते सायकल धरून चौकात उभे असतात. आणि मोठ्या माणसानं कुत्र्याला भितो असं कसं सांगायचं, म्हणून कुणाला सांगत नाहीत. सासूबाई ऐकत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला त्या चरवी घेऊन चौकातच जायला लागल्या, देवळात जाऊन येते म्हणून.

काका असे होते, पण फार प्रेमळ वगैरे होते असं कुणी समजू नये. गल्लीत बऱ्याच जणांशी त्यांचं वाकडं होतं. बोलताना कुणी "म्हणजे कसं, तुम्हाला म्हणून सांगतो" असं करायला लागला की ते उठून आत जायचे. आमच्याकडं आलेल्या मिस्टरांच्या मामांना त्यांनी, तुम्ही मघापासून एकाच फलाटावर फिरताय, असं तोंडावर सांगितलं होतं. मामा त्यानंतर आमच्याकडं कमीच आले. मला ते त्यांच्या उपकारांत धरावं असं वाटतं.

त्यांच्या बायकोबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. आम्ही येण्याआधी वारल्या होत्या, एवढंच ठाऊक होतं. बाकीचं मला मयुरीनं सांगितलं, एका संध्याकाळी, मी भाकरी थापत असताना. तिनं काकांना विचारलं होतं, काकूंचं गाव कुठलं? आजऱ्याकडचं, असं काका म्हणाले. मग तिनं त्यांच्याच पिशवीतला प्रश्न काढला. काकू आजऱ्याबद्दल काय सांगायच्या?

"मग?" मी विचारलं.

"मग आजोबा थांबले," मयुरी म्हणाली. "मीपण थांबले. डबल बेल झाली नव्हती."

बऱ्याच वेळानं काका बोलले होते. काकू फार बोलायच्या. काका दिवसभर बोलून यायचे, म्हणून घरी आले की पेपर उघडायचे आणि नुसतं हं म्हणायचे. आजऱ्याचं त्या रोज सांगायच्या. एक विहीर होती, कुणीतरी मैत्रीण होती. आता काकांना त्यातलं काही आठवत नाही. मैत्रिणीचं नावसुद्धा नाही. आपण फक्त हं म्हणत होतो, ऐकत नव्हतो, असं ते म्हणाले.

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही," मयुरी म्हणाली. "मी त्यांचे वाटाणे सोलून दिले."

तव्यावरची भाकरी करपली तरी माझं लक्ष गेलं नाही.

वन्संना पुढचं स्थळ आलं तेही आजऱ्याचंच. मुलाचं काजू सोलायचं लहान युनिट होतं. मध्यस्थानं सांगितलं, मुलगा गुणी आहे, जरा अबोल आहे. सासूबाईंना ते आवडलं. त्यांनी लगेच ठरवून टाकलं की पावणे येतील त्या रविवारी मयुरीला बिद्रीला पाठवायचं, म्हणजे माझ्या माहेरी. मिस्टर हो म्हणाले. मी काही बोलले नाही. मयुरी रडली नाही, पिशवीत आपला फ्रॉक भरायला लागली. मी तिला फ्रॉकची घडी घालून दिली.

शनिवारी संध्याकाळी काका जिना चढून वर आले. ते कधी वर यायचे नाहीत, भाडेकरूच्या घरात मालकानं फिरू नये असा त्यांचा नेम होता. ते दारातच उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "पोरगीला हितंच राहू द्या."

सासूबाई म्हणाल्या, मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही.

"ठावं हाय," काका म्हणाले. "तवा ती बोलत हुती. आता ती ऐकती बी. काय इस्कटलं तर मला बोला." मग सवयीप्रमाणे श्वास घेतला, आणि मला वाटलं आता परत सांगणार. पण ते नुसते सासूबाईंकडं बघत उभे राहिले. सासूबाई इकडची भांडी तिकडं करत राहिल्या. शेवटी त्यांनाच बोलावं लागलं. राहू दे म्हणाल्या, पण माझ्या शेजारी बसायचं.

रविवारी मी पोहे केले. मीठ घातलं की नाही हे मला दोनदा चाखून बघावं लागलं. मुलगा, त्याची आई आणि चुलते आले. चुलते मोठ्या आवाजाचे, दिलखुलास. मुलाला काहीही विचारलं की उत्तर त्यांचंच. शिक्षण किती झालं? चुलत्यांनी सांगितलं. युनिट कधी काढलं? चुलत्यांनी सांगितलं. मुलगा मान खाली घालून बसला होता. एक-दोनदा त्यानं ओठ उघडल्यासारखं केलं, पण तोवर चुलते दुसऱ्या गोष्टीवर गेलेले असायचे. वन्सं ट्रे ठेवून आत यायला निघाल्या. मी दारात उभी होते. त्यांच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. असल्या रविवारची त्यांना सवय झाली होती.

मयुरी सासूबाईंच्या शेजारी बसली होती आणि मुलाच्या हातांकडं बघत होती. त्याच्या बोटांची टोकं काळी पडलेली, कातडी सोललेली. चुलत्यांनी पोह्यांचा घास घेतला तेव्हा तिनं विचारलं, "तुमची बोटं काळी कशानं झाली?"

सासूबाईंनी तिचा दंड धरला.

मुलानं तिच्याकडं बघितलं. "का..." म्हणाला आणि तिथंच अडकला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. चुलते पटकन म्हणाले, "काजूच्या टरफलाचं तेल असतं बाळ, ते लागतं."

मयुरी चुलत्यांकडं वळली. काकांनी शिकवलं होतं तसं त्यांचं बोलणं पुरतं संपू दिलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "आजोबा, त्यांचं अजून संपलं नाही."

मग परत मुलाकडं बघत बसली.

मला वाटलं, गेलं, हेही गेलं. माझी नजर सासूबाईंच्या हातावर होती, तो मयुरीच्या दंडावर तसाच होता. मुलानं एकदा श्वास घेतला आणि बोलायला लागला. अडखळत, एकेका शब्दाशी झगडत. काजूची बी भाजावी लागते, मग फोडावी लागते. आतलं तेल कातडी जाळतं, म्हणून बाया हाताला राख लावून बसतात. तो स्वतःही बसतो, कारण मालक बसला की बायांना बरं वाटतं. एवढं सांगायला त्याला फार वेळ लागला. मयुरीनं तेवढा वेळ दिला. गाडीच्या दारात अजून कोण आहे का बघत राहिल्यासारखी ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

पुढचा प्रश्न मयुरीनं विचारला नाही. तो वन्संनी विचारला. त्या आत गेल्याच नव्हत्या. उंबऱ्याशी थांबल्या होत्या, तिथंच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाया किती लांबनं येतात?"

मुलानं त्यांच्याकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं. त्यानं सांगितलं. मग थांबला, आणि आम्ही सगळे थांबलो, तेव्हा तो म्हणाला, "मी अडखळतो. हे सां... सांगायलाच आलो होतो."

पावणे गेल्यावर सासूबाई खूप बोलल्या. आधी सांगायला नको होतं का, फसवायला आले होते, मध्यस्थाला धरून आणा. वन्सं ऐकत होत्या. सासूबाईंचं संपलं तेव्हा म्हणाल्या, "ते फसवायला आले नव्हते, आई. ते सांगत होते. त्यांना कुणी सांगू देत नव्हतं." आणि मग, आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नसताना, हसल्या. ओठ उघडून.

लग्न आजऱ्यालाच झालं. काका आले होते. मांडवात माइक होता, पण त्याच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. जेवणं झाल्यावर ते गावात कुठंतरी फिरून आले. विहीर शोधत होते, असं मयुरीनं मला मागाहून सांगितलं. सापडली का, हे तिनं विचारलं नाही. ते आपणहून सांगतील म्हणाली.

वन्संचा संसार चांगला चाललाय. त्यांच्याकडनं फोन आला आणि पलीकडं शांतता असली की आमच्याकडं कुणी हॅलो हॅलो करत नाही. भाऊजी बोलायचेत एवढं सगळ्यांना माहीत असतं. मयुरी आता कॉलेजात आहे आणि अजूनही भरपूर बोलते. पण मैत्रिणी आपली गाऱ्हाणी घेऊन तिच्याकडंच येतात. आम्ही पेठ सोडून स्वतःच्या घरात आलो, त्यानंतर काही वर्षांनी काका गेले. शेवटपर्यंत आवाज खणखणीत होता, असं गल्लीतली माणसं सांगतात.

मला मात्र त्या रविवारची संध्याकाळ जास्त आठवते.

पावणे गेले, वन्सं हसल्या, सासूबाई देवापाशी जाऊन बसल्या. कपबशा तशाच मोरीत टाकून मी खाली गेले. काका पायरीवर बसले होते. चांगलं झालं, एवढं सांगून मला लगेच वर यायचं होतं. ते "बसा" म्हणाले. मी बसले आणि सांगायला लागले. पोह्यांतल्या मिठापासून सगळं सांगितलं. चुलते, काळी बोटं, मयुरी काय म्हणाली, सासूबाईंचा हात कुठं होता. संपलं असं वाटून मी थांबले. काका थांबून राहिले.

आणि मग मी जे सांगायचं ठरवलं नव्हतं ते माझ्या तोंडून यायला लागलं. मयुरी उशीशी बोलत होती ते सांगितलं. तिला बिद्रीला पाठवायचं ठरलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द का फुटला नाही ते सांगितलं. माहेरी मी किती बोलायची तेही सांगितलं. जेवताना वडील माझं ऐकत बसायचे आणि त्यांची आमटी गार होऊन जायची. या घरात आल्यावर ते कधी थांबलं मला आठवत नव्हतं. मीही शोधत शोधत सांगत होते. गल्लीतून माणसं ये-जा करत होती. काकांनी एकदाही हं म्हटलं नाही.

वरून सासूबाईंची हाक आली. कपबशा पडल्यात म्हणाल्या.

मी उठले. पदर खोचला. काकांनी मला थांबवलं नाही. मी पहिल्या पायरीपर्यंत गेले, जिन्याचा कठडा धरला आणि वर बघून म्हणाले, "येते आई. माझं बोलणं चाललंय."

मग वरनं मोरीत कपबशा विसळल्याचा आवाज यायला लागला. मी परत येऊन बसले आणि पुढचं सांगायला लागले.